टोपी फटीतच राहू द्या

ब्रिटन-फ्रान्सने मिळून बनवलेल्या, ध्वनीपेक्षा वेगाने प्रवासी नेणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या मागे, उजव्या हाताला फ्लाइट इंजिनिअरची जागा असे आणि त्याच्यासमोर घड्याळं, दिवे, खटके यांची अख्खी भिंत. विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाला पोचलं की हवेच्या माऱ्याने त्याचं अंग तापायचं. नाकाच्या शेंड्याशी तापमान 127 अंश सेल्सिअसपर्यंत जायचं आणि 62 मीटरचं ते विमान पंधरा-वीस सेंटीमीटरनी लांब व्हायचं. ही वाढ डोळ्यांना दिसायची ती एकाच ठिकाणी. त्या भिंतीच्या कडेला हाताचा पंजा जाईल एवढी फट पडायची. 2003 साली निरोपाच्या फेऱ्यांत काही फ्लाइट इंजिनिअरनी आपल्या टोप्या त्या फटीत खोचल्या. विमान उतरलं, गार झालं, फट मिटली. टोप्या अडकल्या त्या अडकल्याच. त्या धडपणे बाहेर काढायच्या तर विमान पुन्हा तेवढ्याच वेगाला न्यायला हवं.

गोष्ट इतकी देखणी आहे की ऐकणारा पुढचा विचार करायचं सोडून देतो. कॉन्कॉर्ड पुन्हा उडवावं का, या वादाचं गेली वीस-बावीस वर्षं नेमकं हेच झालं आहे. मध्ये तो थंडावतो, मग काहीतरी निमित्त होतं आणि पुन्हा ऊत येतो. आत्ताची निमित्तं तर एकाला एक लागून आली. 28 जानेवारी 2025 ला, नवं स्वनातीत म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान बनवू पाहणाऱ्या बूम कंपनीच्या एक्सबी-1 या छोट्या चाचणी विमानाने कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटावर ध्वनीचा वेग ओलांडला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जमिनीवरून स्वनातीत प्रवासी उड्डाण करण्यावरची 1973 पासूनची बंदी उठवण्याचा आदेश काढला. आणि 21 जानेवारी 1976 ला एक कॉन्कॉर्ड लंडनहून बहारीनला, दुसरं पॅरिसहून डाकारमार्गे रिओला प्रवासी घेऊन निघालं होतं, त्याची पन्नाशी आली. मग काय, नवीन बनवताय तर जुनं काय वाईट होतं, हा सवाल आलाच.

भांडणारे दोन तट आहेत. पहिला भक्तांचा. यांच्या लेखी कॉन्कॉर्ड मेलं नाही, मारलं गेलं. मूळ बनवणाऱ्यांची वारसदार कंपनी एअरबसने हात काढून घेतला, एअर फ्रान्सला ते नकोच होतं आणि व्हर्जिन कंपनीवाले रिचर्ड ब्रॅन्सन विकत घ्यायला उभे असताना ब्रिटिश एअरवेजने विमानं संग्रहालयांना वाटून टाकली. (ब्रॅन्सननी आधी विमानामागे एक पौंड देऊ केला होता आणि मग आकडा चढवत 50 लाखांवर नेला, हे सांगताना भक्तांचा आवाज जरा खाली येतो.) दुसरा तट म्हणतो, श्रीमंतांचं इंधनखाऊ खेळणं होतं, गेलं ते बरं झालं. माझं मत आधीच सांगून टाकतो. कॉन्कॉर्ड पुन्हा उडवू नये. प्रवाशांसाठी नाही, विमान-जत्रेत हौसेखातर नाही, टोपी काढायलाही नाही. पण दुसऱ्या तटाबरोबर मला बसवू नका, कारण त्यांची कारणंही तितकीच कच्ची आहेत. कॉन्कॉर्ड म्हणून जे काही आकाशात जायचं त्यात धातूचा वाटा जेमतेम अर्धा होता. उरलेला अर्धा म्हणजे माणसं, कागद, सुटे भाग आणि एकमेकांना बांधलेल्या जबाबदाऱ्या. धातू उरला आहे, बाकीचं विरून गेलं.

आधी विरोधकांकडे बघू. प्रदूषणाचा मुद्दा घ्या. कॉन्कॉर्डच्या टाक्यांत सुमारे 95 टन इंधन मावायचं आणि अटलांटिक ओलांडताना त्यातलं बहुतेक जळायचं. तेवढ्याच्या आसपास इंधनात जंबो जेट चौपट माणसं नेत असे. विमान कंपन्यांनी पाठ का फिरवली ते यातून कळतं. पण आज जे मागितलं जातंय ते काय आहे? एक विमान, वर्षातून आठ-दहा वेळा, तासाभरासाठी. हीथ्रोवरून सकाळच्या चहापर्यंत जेवढी विमानं उडतात त्यांच्यापुढे हे किस झाड की पत्ती. एवढ्यावर एखादा वारसा नाकारायचा तर वाफेची इंजिनं आधी बंद करावी लागतील. पैशाचंही तेच. विकासाचा अंदाज 7 कोटी पौंडांचा होता, तो सव्वाशे कोटींच्या पुढे गेला आणि ब्रिटन-फ्रान्सच्या करदात्यांनी तो भरला. बसने कामावर जाणाऱ्याने शॅम्पेन पिणाऱ्याचं तिकीट स्वस्त केलं, हा त्या प्रकल्पावरचा खरा डाग आहे आणि तो पुसता येणार नाही. पण तो हिशेब बुडीत खाती जमा होऊन जमाना झाला. घातलेल्या पैशाकडे बघून पुढचा निर्णय घेण्याच्या चुकीला जगभर ‘कॉन्कॉर्ड फॅलसी’ म्हणतात. ‘एवढे घातले, आता उडवाच’ ही जशी ती चूक, तशीच ‘एवढे बुडवले, आता नको’ हीसुद्धा.

अपघाताच्या मुद्द्यावर तर दोन्ही तट अर्धं अर्धं बोलतात. 25 जुलै 2000 ला पॅरिसहून निघालेलं एअर फ्रान्सचं विमान जवळच्याच गोनेस गावातल्या एका हॉटेलवर कोसळलं. विमानातले सगळे 109 आणि जमिनीवरचे 4 असे 113 जीव गेले. धावपट्टीवर आधीच्या डीसी-10 विमानातून पडलेली धातूची पट्टी टायरखाली आली, टायर फुटला, त्याचा तुकडा पंखावर आदळला, टाकी फुटली, आग लागली. विरोधक म्हणतात, बघा, धोकादायकच होतं. त्याआधीच्या साडेचोवीस वर्षांत या विमानात एकही प्रवासी दगावला नव्हता, हे ते सांगत नाहीत. भक्त म्हणतात, पट्टी दुसऱ्याची, मग दोष आमच्या विमानाचा कसा? पण 14 जून 1979 ला वॉशिंग्टनहून निघताना टायर फुटून तुकडे पंखात घुसले होते आणि टाक्यांना भोकं पडली होती, हे तेही सांगत नाहीत. त्रिकोणी पंखामुळे कॉन्कॉर्डला ताशी जवळजवळ 400 किलोमीटरच्या वेगाने जमीन सोडावी लागे, म्हणजे टायरवर इतर विमानांपेक्षा कितीतरी जास्त ताण. हा दोष एकवीस वर्षं माहीत होता. अपघातानंतर टाक्यांना आतून केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याचं अस्तर लावलं, मिशेलिनने नवा टायर बनवला आणि नोव्हेंबर 2001 मध्ये विमान पुन्हा प्रवासी घेऊन निघालं. म्हणजे दोष दुरुस्त होऊ शकत होता. प्रश्न एवढाच की तो दुरुस्त कोणी केला. बनवणारे, चालवणारे, टायरवाले, तपासणारे सगळे तेव्हा आपापल्या जागी कामावर होते म्हणून तो झाला.

आता भक्तांच्या हातातलं सगळ्यांत भारी पान. व्हल्कन. ब्रिटिश हवाई दलाचं हे चार इंजिनांचं, वटवाघळासारखं बॉम्बफेकी विमान. कॉन्कॉर्डच्या ऑलिम्पस इंजिनांचं मूळ घराणं याचंच. एक्सएच558 क्रमांकाचं व्हल्कन 1993 साली निवृत्त झालं, लोकवर्गणी आणि लॉटरी निधीतून दुरुस्त झालं आणि 18 ऑक्टोबर 2007 ला खरोखर उडालं. नुसतं उडालं नाही, आठ मोसम लोकांसमोर उडत राहिलं. माणसं शेताच्या बांधावर उभी राहून रडली. हे पान मी मान वाकवून मान्य करतो, ज्यांनी ते केलं त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. मग व्हल्कन उडतं तर कॉन्कॉर्ड का नाही?

याचं उत्तर व्हल्कन का थांबलं त्यात आहे. ते पडलं नाही, पैसेही संपले नव्हते. रोल्स-रॉईस, बीएई आणि मार्शल या तीन कंपन्या त्याच्या तांत्रिक जबाबदारीवर सही करत होत्या. ज्यांना त्या यंत्राची हाडं-शिरा ठाऊक होत्या ती माणसं निवृत्त होत चालली होती, आणि आता आम्ही याची खात्री देऊ शकत नाही, असं कंपन्यांनी सांगितलं. 28 ऑक्टोबर 2015 ला व्हल्कन शेवटचं उडालं. मधल्या काळातला एक प्रसंगही विसरू नये. 2012 साली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुरचुंड्या इंजिनाच्या तोंडात राहून गेल्या आणि दोन इंजिनं गेली. किती क्षुल्लक चूक! बदली इंजिनं नीट जपून ठेवलेली मिळाली म्हणून बरं. व्हल्कन ध्वनीपेक्षा हळू उडणारं, लष्कराचं, प्रवासी न नेणारं विमान होतं आणि त्याच्यामागे तीन कंपन्या राजीखुशीने उभ्या होत्या. तरी आठ वर्षं. कॉन्कॉर्डच्या मागे आज एकही नाही. भक्तांचं हे उदाहरण मला माझ्याच बाजूचा साक्षीदार वाटतो.

दुसरं पान कमी लोकांना माहीत असतं, ते रशियन टुपोलेव टीयू-144. कॉन्कॉर्डच्याही दोन महिने आधी, 31 डिसेंबर 1968 ला उडालेलं. प्रवासी सेवा कशीबशी सात महिने, मॉस्को ते अल्माअता, अवघ्या 55 फेऱ्या. पण पुढे शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेची नासा आणि रशियन संस्था एकत्र आल्या आणि साठवून ठेवलेलं एक टीयू-144 उडती प्रयोगशाळा म्हणून 1996 ते 1999 मध्ये 27 वेळा उडालं. म्हणजे निवृत्त स्वनातीत प्रवासी विमान पुन्हा उडवल्याचं उदाहरण जगात आहे! आहेच. पण त्यासाठी मूळची इंजिनं काढून टीयू-160 या बॉम्बफेकी विमानाची घातली, ते विमान जन्मापासून फारसं वापरलंच नव्हतं, आणि मुख्य म्हणजे ज्यांनी ते रेखाटलं होतं ती टुपोलेव संस्था तशीच, त्याच शहरात, त्याच नावाने उभी होती. शिवाय दोन सरकारांना त्यातून मोजमापं हवी होती. कॉन्कॉर्ड उडवून आज कोणाला कसलं मोजमाप हवं आहे?

इथे मला आमच्या काकांचा छापखाना आठवतो. सांगलीत, गल्लीच्या तोंडाशी. काकांनी ऑफसेट घेतल्यावर जुनं ट्रेडल मशीन मोडीत द्यायचा जीव होईना, म्हणून ते मागच्या खोलीत पोत्याखाली झाकून ठेवलं. काकांची पंचाहत्तरी आली तेव्हा आम्हा भाचे-पुतण्यांना हुक्की आली की निमंत्रणपत्रिका ट्रेडलवरच छापायची. मशीन पुसलं, तेल घातलं, आणि पायटा मारल्याबरोबर ते असं काही गरगर फिरलं की आम्ही टाळ्या वाजवल्या. मग एकेक कळायला लागलं. रूळ सरस-ग्लिसरीनचे, ते उन्हाळ्यांत वितळून गोळा झालेले. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, कधीचेच शिशाच्या भावाने किलोवर विकलेले. एका केसात थोडे सापडले, त्यात ‘ळ’ नाही, जोडाक्षरं नाहीत, आमच्या आडनावातला ‘ळ’ आणायचा कुठून? खिळे ओतणारी फाउंड्री बंद. आणि सापडले असते तरी ते उलटे वाचून भराभर जुळवणारा जुळारी देवाघरी जाऊन सहा वर्षं झालेली. मशीन ठणठणीत होतं. त्यावर छापता मात्र एक ओळ आली नाही. पत्रिका अखेर ऑफसेटवरच निघाली.

कॉन्कॉर्डच्या ‘ळ’ची यादी लांबलचक आहे. ऑलिम्पस 593 इंजिन घ्या. मॅक 2 ला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, विमानाला मिळणाऱ्या जोराचा अर्ध्याहून मोठा वाटा इंजिनाच्या पुढे हवा आत घेणाऱ्या चौकोनी नळकांड्यातून यायचा. ध्वनीच्या दुप्पट वेगाने येणारी हवा इंजिनाला पचेल एवढी हळू करायची, म्हणून आतल्या हलत्या फळ्या क्षणोक्षणी जागा बदलत. त्यांना सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सत्तरच्या दशकातली. वेग वाढला की विमानाचा तोल मागे सरकवावा लागे, त्यासाठी सुमारे 20 टन इंधन पुढच्या टाक्यांतून मागच्या टाकीत पंपाने ढकलायचं आणि उतरताना परत पुढे आणायचं. हे करणारा तिसरा माणूस म्हणजे तो टोपीवाला फ्लाइट इंजिनिअर. नव्या प्रवासी विमानांत आता ती खुर्चीच नसते. नवा फ्लाइट इंजिनिअर तयार करायचा तर त्याला शिकवणार कोण, तपासणार कोण, परवाना कोणत्या नियमाखाली देणार? आणि या सगळ्यावर शेवटची सही करणारा हवाच. विमानाचा आराखडा ज्याच्या नावावर आहे त्याने ‘हो, हे उडण्याजोगं आहे, काही झालं तर आम्ही जबाबदार’ असं लिहून दिल्याशिवाय एवढ्या गुंतागुंतीच्या विमानाला परवानगी मिळणं जवळजवळ अशक्य. एअरबसने ही जबाबदारी 2003 मध्येच खाली ठेवली. भक्तांना यात कारस्थान दिसतं. मला यात एका कंपनीचा प्रामाणिकपणा दिसतो: विमानं चौदाच्या आत, सुटे भाग बनवणारे धंदे सोडत चाललेले, एकेका खिळ्यासाठी कारखाना चालू ठेवायचा. जबाबदारी निभावता येणार नसेल तर सही न करणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि विमानं तरी कुठे, कशी आहेत? बनलेल्या 20 पैकी 18 उरली आहेत. स्कॉटलंडमधल्या ईस्ट फॉर्च्युनला नेताना एकाचे पंख कापावे लागले. न्यूयॉर्कचं हडसन नदीकाठी वर्षानुवर्षं उघड्यावर होतं आणि 2008 मध्ये एका ट्रकच्या धडकेत त्याचं नाक तुटलं. जर्मनीतल्या झिन्सहाइमचं छपरावर खांबांवर चढवलंय. ब्रिटिश एअरवेजने आपल्या विमानांतलं हायड्रॉलिक तेल काढून टाकलं. पॅरिसच्या ले बूर्जे संग्रहालयातलं त्यातल्या त्यात नशीबवान, त्याचं नाक स्वयंसेवकांनी अजून खाली-वर होतं ठेवलंय. मी दोन वर्षांपूर्वी मुलीकडे ब्रिस्टलला गेलो असताना फिल्टनचं पाहिलं. सर्वांत शेवटी बनलेलं आणि 26 नोव्हेंबर 2003 ला सर्वांत शेवटी उतरलेलं ते हेच. दारातून वाकून आत जावं लागतं. खिडक्या तळहाताएवढ्या. दोन्हीकडे दोन-दोन सीटा, मध्ये अरुंद वाट. बायको म्हणाली, “अहो, शिवनेरीत याहून ऐसपैस बसतो आपण.” बाहेर आल्यावर मी धावपट्टी शोधत होतो. ती फिल्टनची धावपट्टी 2012 च्या अखेरीस बंद झाली, तिथे आता वसाहत होते आहे. ते विमान उद्या जादूने ठणठणीत झालं तरी निघणार कुठून?

भक्त म्हणतील, निधी द्या, सगळं होतं. 2015 साली क्लब कॉन्कॉर्डने 12 कोटी पौंडांची योजना मांडली होती, 2019 पर्यंत उडवू म्हणाले होते. 2019 गेलं. पण समजा पैसे खरोखर आहेत. तर मग मला त्या पैशाची वेगळीच काळजी वाटते. आपण मुंबईकरांनी हे अनुभवलंय. 1971 च्या युद्धात लढलेली विक्रांत 1997 साली निवृत्त झाली, संग्रहालय म्हणून मुंबईत उभी राहिली, शाळांच्या सहली गेल्या, भाषणं झाली. आणि रोजची देखभाल म्हणून जी कंटाळवाणी गोष्ट असते तिला कोणी वाली मिळाला नाही. 2012 मध्ये जहाज लोकांना बंद झालं आणि 2014 मध्ये मुंबईतल्याच दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडलं गेलं. विक्रांत पुन्हा समुद्रात न्या, असं कोणी म्हणत नव्हतं. नुसतं उभं ठेवायला जमलं नाही. कॉन्कॉर्डच्या अठरा कुड्यांना छप्पर, रंग, गंज काढणारे हात आणि वीज एवढंच मिळालं तरी खूप झालं. त्यातल्या एकीला उडवायच्या नादात जो पैसा, जी माणसं आणि जी हौस खर्ची पडेल ती उरलेल्या सतरांच्या तोंडची असेल, कारण सुटे भाग काढायचे तर त्यांच्याच अंगातून काढावे लागतील. शिवाय उडणाऱ्या त्या एकीचं काही बरंवाईट झालं तर?

भक्तांचा एक मुद्दा मात्र मला रात्री छळतो. ते म्हणतात, यंत्र चालू असेल तरच त्याचं ज्ञान जिवंत राहतं. काचेमागे ठेवलेलं यंत्र मुकं होतं. हे खरं आहे आणि काकांच्या ट्रेडलने मला ते शिकवलंय. आपल्या हवाई दलाचं ‘परशुराम’ हे जुनं डकोटा विमान बघा. भंगारातून उचललं, ब्रिटनमध्ये दुरुस्त केलं आणि 2018 मध्ये ते उडत भारतात आलं. ते आकाशात दिसलं की 1947 मध्ये डकोटांनी श्रीनगरला उतरवलेली फौज आठवते, ती कोणत्याही फलकाने आठवली नसती. पण डकोटा जगात हजारोंनी बनली, तिचे भाग आजही मिळतात, ती हातोडी-पान्याच्या युगातली आहे आणि तिला चालवणारी माणसं चालू आहेत. जिवंत परंपरेतलं यंत्र चालू ठेवणं सोपं. परंपरा तुटलेल्या यंत्राला ओढून उभं केलं तर त्यातून ज्ञान मिळत नाही, अंदाज मिळतात. आणि 60 हजार फुटांवर, मॅक 2 ला, अंदाजाची किंमत फार मोठी असते.

या सगळ्या भांडणात खरा सार्वजनिक प्रश्न कोपऱ्यात पडलाय, तो आवाजाचा. पुष्कळांना वाटतं की विमान ध्वनीचा वेग ओलांडतं त्या क्षणी एकदा धडाम होतं आणि संपतं. तसं नाही. जितका वेळ ते वेगात आहे तितका वेळ तो धमाका जमिनीवर त्याच्यामागे ओढला जातो, 60 हजार फुटांवरून सुमारे 90 किलोमीटर रुंदीचा पट्टा. पुण्यावरून गेलं तर कामशेतपासून यवतपर्यंत प्रत्येक घराची तावदानं थरथरणार. 1964 साली अमेरिकेने ओक्लाहोमा सिटीच्या लोकांवर सहा महिन्यांत असे 1253 धमाके मुद्दाम करून पाहिले. शेवटी सुमारे चौथा हिस्सा लोक म्हणाले, आम्हाला हे सोसणार नाही. 1973 ची बंदी त्यानंतरची. आपणही तेच केलं. एअर इंडियाने दोन कॉन्कॉर्ड राखून ठेवली होती, ती सोडून दिली. आणि लंडन–बहारीन–सिंगापूर मार्ग सुरू झाला तेव्हा भारताने आपल्या आकाशात ध्वनीपेक्षा वेगाने जायला परवानगी दिली नाही. मलेशियानेही तक्रार केली होती. मार्ग 1980 मध्ये बंद पडला. मागास, खुन्नसखोर, अशी नावं तेव्हा या देशांना ठेवली गेली. मला तो आपला अगदी शहाणा निर्णय वाटतो. शंभर जणांचे चार तास वाचवायला खालच्या लाखोंनी का दचकायचं? आता नव्या कंपन्या म्हणतात, आमचा धमाका जमिनीपर्यंत पोचणारच नाही. नासाचं एक्स-59 हे चाचणी विमान हाच आवाज ‘धडाम’ऐवजी ‘धप्’ व्हावा म्हणून बनलं आहे आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ते उडालंही. ही मोजमापं येतील, आणि मग आपल्या आकाशाची दारं उघडायची का, हे दिल्लीतल्या कोणाला तरी ठरवावं लागेल. आपण भांडायचं तर त्याच्यावर भांडावं. कॉन्कॉर्डची आठवण त्या भांडणात भावनेचा धूर करते, एवढंच.

मग जपायचं काय? ज्या विमानाचं नाक हलतं ते हलतं ठेवा, ज्यात वीज जाते तिथे दिवे लावा. सरे परगण्यातल्या ब्रुकलँड्स संग्रहालयात वैमानिकांना शिकवायचा जुना सिम्युलेटर पुन्हा चालू केलाय, तिथे माणूस खरोखर त्या खुर्चीत बसून उड्डाण ‘करू’ शकतो. त्यात पैसे घाला. आणि जे मेकॅनिक, इंजिनिअर आज पंच्याहत्तर-ऐंशीचे आहेत त्यांना बोलतं करा, घाईने करा. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, ते पस मॉथ विमानातून. पन्नास वर्षांनी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी त्याच मार्गाने ते उड्डाण पुन्हा केलं, तेव्हा ते लेपर्ड मॉथमध्ये बसले होते. विमान दुसरं होतं म्हणून त्या दिवशी जुहूला कोणाला चुटपुट लागली असेल, असं वाटत नाही.

फिल्टनच्या हँगरमध्ये पंखाखाली एक म्हातारा स्वयंसेवक उभा होता, छातीवर बिल्ला, हातात काठी. मी विचारलं, हे पुन्हा उडेल का हो कधी? त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग काठी वर करून मला नळकांड्यातल्या त्या हलत्या फळ्या दाखवल्या आणि त्या कशा सरकत, केव्हा सरकत, चुकल्या तर काय होई, हे सांगायला लागला. बायको मुलीबरोबर कॅन्टीनमध्ये जाऊन चहा घेऊन परत आली, तोपर्यंत तो पहिल्या इंजिनावरून जेमतेम दुसऱ्यावर आला होता.